संत्र्याची खोड आणि घरचा केक

नागपुरात संत्रे आणले ते दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी, औरंगाबादेहून, अठराव्या शतकाच्या अखेरीस, असे सांगितले जाते. पुढे ते काटोल, नरखेड, वरूडच्या शेतांत पसरले. २०१४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

पण या फळाची एक खोड आहे. काढून ठेवलेला रस कडवट होतो. हा लिमोनिनचा प्रताप. त्यामुळे प्रक्रिया अवघड आणि बागायतदाराची भिस्त ताज्या फळाच्या भावावर.

घरच्या केकला ही अडचण नाही. आधी साल हलक्या हाताने किसायची, कारण सुगंध तिच्यातल्या तेलात असतो आणि खालचा पांढरा भाग कडू. मग बिया काढून रस लगेच मैद्यात. कारखान्याला हेच जमले, तर बहाराच्या दिवसांत भाव कोसळण्याची धास्ती कमी होईल.