रंगीत फिल्म व तिची धुलाई

रंगीत फोटोचा विषय निघाला कीं लोक कॅमेऱ्याविषयीं पुष्कळ बोलतात, फिल्मविषयीं थोडें बोलतात, आणि ती फिल्म जेथें धुतली जाते त्या लॅबविषयीं बहुधा कोणीच बोलत नाहीं. आमच्या मतें हा क्रम उलटा असावयास पाहिजे. महाराष्ट्रांतील चित्रपटांचा इतिहास पाहिला तर रंगाचें यशापयश पुष्कळ अंशीं धुलाई-छपाईवरच ठरलेलें दिसतें. आणि हिंगोली जिल्ह्यांतील पुसेगांवासारख्या गांवीं घरोघरच्या ट्रंकेंत जपून ठेवलेल्या लग्नाच्या फोटोंनाही तोच नियम लागू पडतो.

१९३३ सालीं प्रभात फिल्म कंपनीनें ‘सैरंध्री’ हा बोलपट रंगीत करण्याचें योजिलें. विराटपर्वांतील द्रौपदी-कीचकाची कथा, राजसभेचा थाट आणि व्ही. शांतारामांसारखा धाडसी दिग्दर्शक! रंगाला याहून अनुकूल योग तो कोणता? परंतु रंगीत छपाईची सोय तेव्हां हिंदुस्थानांत नव्हती. म्हणून फिल्म जर्मनीस गेली. पद्धत ‘बायपॅक’ची होती. तींत दोन फिल्मी एकमेकींस भिडवून कॅमेऱ्यांत घालीत. एकीवर निळ्या-हिरव्या प्रकाशाचा ठसा उठे, दुसरीवर तांबड्याचा. दोन रंगांच्या मिश्रणांतून सृष्टीचे सगळे रंग निघत नाहींत, ही उणीव मूळ पद्धतींतच होती. तींत पुन्हां चित्रण येथें आणि छपाई सातासमुद्रांपलीकडे! आजच्या दृश्याचा रंग उद्यां पाहून परवां दिवे बदलावे, ही सोय अशा व्यवस्थेंत कोठून असणार? ‘सैरंध्री’चे रंग मनासारखे उतरले नाहींत.

चार वर्षांनीं, १९३७ सालीं, मुंबईच्या इंपीरियल फिल्म कंपनीच्या अर्देशिर इराणींनीं ‘किसान कन्या’ काढला. सिनेकलर नांवाची त्याची पद्धतही दोनच रंगांची होती. परंतु धुलाई-छपाई या देशांत झाली. चित्रपट फारसा चालला नाहीं. तरी छपाईसाठीं परदेशाच्या वाटेस डोळे लावून बसण्याची आवश्यकता नाहीं, हें त्यानें सिद्ध केलें. स्वतः शांतारामांना रंगाचें खरें यश लाभलें तें १९५५ सालच्या ‘झनक झनक पायल बाजे’मध्यें, टेक्निकलरच्या साह्यानें. ‘सैरंध्री’च्या वेळीं त्यांची दृष्टि कमी होती असें कोणी म्हणणार नाहीं, मधल्या बावीस वर्षांत बदललें तें रंगाचें शास्त्र व छपाईचें साधन.

घरगुती फोटोचा इतिहासही याच वळणानें गेला. १९३५ सालीं आलेली कोडाक्रोम फिल्म मॅन्स व गोडोव्हस्की या दोन संगीतज्ञांनीं शोधून काढिली. तिचे रंग टिकाऊ असत. परंतु तिची धुलाई इतकी गुंतागुंतीची कीं ती थोड्या मोठ्या लॅबांतच होई. ती फिल्म २००९ सालीं बंद झाली, व पुढें तिची रसायनेंही मिळेनाशीं झालीं. ज्यांचे रोल न धुतां राहिले त्यांच्या रंगांस कायमचें कुलूप लागलें. याच्या उलट १९७२ सालीं कोडकनें निगेटिव्हसाठीं सी-४१ ही धुलाई आणिली. ती हळूहळू इतर कंपन्यांनींही स्वीकारली. रसायन सुमारें ३८ अंशांचें, पहिल्या बुडवणीची वेळ सव्वातीन मिनिटें. कृति एकच झाल्यामुळें कोणाचाही रोल कोणत्याही गांवीं धुतां येऊं लागला. मात्र रसायन शिळें झालें किंवा उष्णमान अर्ध्या अंशानें चुकलें तरी रंगांचा तोल ढळूं शकतो.

यावरून फिल्म घेणाऱ्यानें काय ध्यानांत ठेवावें? उन्हांतील चित्रांस १०० अंकाची फिल्म पुरते. मांडवाच्या सावलींत ४०० अंकाची बरी. सर्वसाधारण फिल्म दिवसाच्या उजेडासाठीं केलेली असते. साध्या बल्बाखालीं तिच्यावर पिवळी छटा येते. निगेटिव्ह फिल्म थोडा अधिक प्रकाश सोसते, कमी प्रकाश सोसत नाहीं. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांवर चढतो. अशा वेळीं दिवाळीचा अर्धा रोल अक्षय्यतृतीयेपर्यंत कॅमेऱ्यांत ठेवणें म्हणजे रंग आपल्या हातांनीं नासणें होय.

छपाईचें यंत्रही समजून घेतलें पाहिजे. चित्रांतील सगळे रंग एकत्र केले असतां सरासरी करडी येते, असें तें गृहीत धरितें. हळदीच्या समारंभांत सर्वत्र पिवळा रंग पसरलेला असला कीं यंत्रास तो दोष वाटतो, आणि तो झांकण्यासाठीं तें निळ्याकडे झुकतें. नवरीचा चेहरा निस्तेज दिसूं लागतो. येथें फिल्मचा कांहींएक अपराध नसतो. यंत्रावर बसलेल्या माणसानें डोळे उघडे ठेवून दुरुस्ती केली तर तीच निगेटिव्ह सुंदर फोटो देते. म्हणून स्वस्ताईपेक्षां नजर असलेला कारागीर शोधावा, व फोटो बिघडला तर निगेटिव्ह टाकून न देतां पुन्हां छापून मागावा.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. जुना काळा-पांढरा फोटो चांदीच्या कणांचा असतो. नीट धुतलेला असल्यास तो शंभर वर्षेंही टिकतो. रंगीत फोटो रंगद्रव्यांचा असतो. १९७०-८० च्या सुमारच्या पुष्कळ कागदांवरील निळसर द्रव्य अंधाऱ्या पेटींतही उडतें आणि चित्र तांबूस होतें. त्यामुळें आजोबांचा फोटो स्वच्छ आणि आईच्या लग्नाचा मात्र विटलेला, असा विपरीत प्रकार अनेक घरीं दिसतो. खेड्यांतील कुटुंबांत त्या दिवसाचें दुसरें चित्र बहुधा नसतें. निगेटिव्हचेही रंग कालांतरानें उतरतात. परंतु कागदावर जें बिघडलें तें तिच्यांत पुष्कळदां शाबूत असतें, आणि आतां तिची संगणकावर प्रत घेऊन उडालेला रंग बराचसा परत आणितां येतो. आमच्या वाचकांनीं अल्बम उघडण्यापूर्वीं त्यामागें पडलेलीं तीं तपकिरी पाकिटें शोधावीं, कोरड्या व थंड जागीं ठेवावीं, आणि त्यांची प्रत या वर्षींच करून घ्यावी.