दोघांत तिसरी डिस्क

सोसायटीच्या वार्षिक सभेत पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'कोरम झाला का?' नोटिशीवर गणपूर्ती छापलेलं असलं तरी तोंडी कोरमच. हाच शब्द सर्व्हर रूममध्येही रात्री-अपरात्री ऐकू येतो. तिथे तो माणसांचा नसतो, यंत्रांचा असतो, एवढाच फरक.

लॅटिनमध्ये 'क्वोरम' म्हणजे 'ज्यांच्यापैकी'. जुन्या इंग्लंडात राजा प्रत्येक परगण्यात शांतता राखायला न्यायाधिकारी नेमायचा. यादीत बरेचसे गावचे जमीनदार, कायदा कळणारे थोडेच. म्हणून लॅटिन सनदेत काही नावं वेगळी काढून लिहीत, की ज्यांच्यापैकी एक जण तरी हजर असावा. त्या कलमाचा पहिला शब्दच त्या निवडक मंडळींना चिकटला. पुढे तो संसदेत गेला, तिथून आपल्याकडे आला. राज्यघटनेच्या 189व्या कलमाप्रमाणे विधानसभेची गणपूर्ती म्हणजे दहा सदस्य किंवा एक दशांश, यांतला मोठा आकडा. महाराष्ट्रात 288 आमदार, म्हणजे 29.

संगणकाच्या जगात या शब्दाला मानाचं पान दिलं ते अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने. 1983 साली तिने व्हॅक्सक्लस्टर आणला: अनेक व्हॅक्स संगणक, सगळ्यांना सामायिक डिस्क, एक बंद पडला तरी बाकीच्यांचं काम चालू. सोय मोठी, पण सामायिक विहिरीवर होतात ती भांडणं इथेही आली. दोन सर्व्हरमधली तार तुटली की प्रत्येकाला वाटतं, दुसरा मेला. मग दोघंही त्याच डिस्कवर लिहायला धावतात. साधी फाइल सिस्टीम एकच मालक गृहीत धरते. कुठला कप्पा रिकामा, कुठला भरलेला, याचा हिशेब ती त्या मालकाच्या मेमरीत ठेवते. दोन मालकांचे दोन हिशेब एकमेकांवर लिहिले गेले की डेटाची माती होते. या दुखण्याला 'स्प्लिट ब्रेन' म्हणतात. मेंदूचे दोन भाग तोडल्यावर काय होतं, याच्या अभ्यासासाठी रॉजर स्पेरी यांना 1981 साली नोबेल मिळालं होतं.

व्हॅक्सवाल्यांचा उपाय सभाशास्त्रातला होता. प्रत्येक सर्व्हरला मत. एकूण अपेक्षित मतांत 2 मिळवायचे, 2 ने भागायचं, अपूर्णांक सोडायचा. तेवढी मतं जवळ असतील तरच काम करायचं, नाहीतर आहे तिथे थिजून राहायचं. आता दोनच सर्व्हर असले तर? 2 अधिक 2, भागिले 2, म्हणजे 2. एक गेला की धडधाकट असलेला दुसराही थिजला. मग क्लस्टर बांधला कशाला? इथे कोरम डिस्क आली. सामायिक डिस्कलाच एक मत द्यायचं. मतं 3, कोरम 2. जिवंत सर्व्हर आणि डिस्क मिळून बहुमत होतं. ज्या डिस्कवरून भांडण, तिलाच पंच नेमण्याची ही कल्पना मला फार आवडते.

नव्वदच्या दशकात एचपीच्या सर्व्हिसगार्ड या क्लस्टर सॉफ्टवेअरने यावर 'पॅकेज' बसवलं. पॅकेज म्हणजे ॲप्लिकेशनचं अख्खं बिऱ्हाड: व्हॉल्यूम ग्रुप (म्हणजे डिस्कांचा गट), फाइल सिस्टीम, फिरता आयपी पत्ता आणि प्रत्यक्ष सेवा. चालू करताना आधी व्हॉल्यूम ग्रुप एकट्यापुरता ताब्यात घ्यायचा, मग माउंट, मग आयपी, शेवटी सेवा. बंद करताना नेमकं उलट. बिऱ्हाड दुसऱ्या सर्व्हरवर गेलं तरी डिस्क जागची हलत नाही, फक्त सातबारा बदलतो. आणि हा सातबारा एका वेळी एकाच्याच नावावर राहावा, ही पॅकेज लिहिणाऱ्याची पहिली जबाबदारी. दोन सर्व्हरच्या क्लस्टरला इथेही तिसरा लागतो, लॉक डिस्क किंवा कोरम सर्व्हर. समसमान फूट पडली की जो आधी लॉक मिळवील तो राहतो. हरलेला स्वतःलाच रीबूट करतो. लिनक्सवाले याहून रोखठोक. त्यांच्या उपायाचं नाव 'स्टोनिथ', म्हणजे दुसऱ्या नोडच्या, अर्थात सर्व्हरच्या, डोक्यात गोळी घाला. प्रत्यक्षात त्याची वीज तोडतात.

सोसायटीत कोरम नसेल तर सभा अर्धा तास तहकूब होते आणि मग हजर असतील त्यांच्यावर भागते. क्लस्टर आपण होऊन अशी सवलत घेत नाही. पण ॲडमिनला ती देता येते: सर्व्हिसगार्डमध्ये एकाच नोडचं नाव देऊन क्लस्टर उठवण्याची आज्ञा आहे, आणि ती देताना पडद्यावर इशाराही येतो. पहाटे तीनला, साहेबांचा चौथा फोन वाजत असताना, तो इशारा वाचायला कुणाला सवड नसते. तेव्हा एवढं करा: एंटर दाबण्याआधी दुसरा सर्व्हर खरोखर बंद आहे का, ते उठून डोळ्यांनी पाहून या.