बाजार-एकात्मता (धान्य)

दूरच्या बाजारपेठांतील दर एकमेकांच्या चढउताराला प्रतिसाद देतात, ती स्थिती. दोन पेठांच्या दरांतला फरक वाहतूक, हमाली, आडत आणि सेस यांच्या बेरजेपेक्षा वाढला, की व्यापारी स्वस्त पेठेतला माल महाग पेठेत नेतो आणि फरक आटतो.

लातूर, कलबुर्गी आणि तांडूर या तूरपेठा १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होत्या; पुढे तीन राज्यांत, तीन बाजार समिती कायद्यांखाली गेल्या. २००२ मध्ये केंद्राने गहू, तांदूळ, भरडधान्यांवरील वाहतूक व साठ्याचे निर्बंध उठवले. २००३ मध्ये कडधान्यांचेही. लातूरचा आडत्या लिलावाआधी कलबुर्गीचा भाव फोनवर विचारतो, डाळमिलवाला म्यानमारच्या तुरीचाही. २०१७ मध्ये तुरीच्या आयातीवर मर्यादा आली, २०२१ मध्ये आयात खुली झाली. २०२३ मध्ये साठामर्यादा परतली. धोरणाची अशी उलटापालट साठवणुकीचा हिशेबच बिघडवते.

दर जुळले म्हणजे शेतकऱ्याला रास्त भाव मिळाला, असे नव्हे. काढणी होताच देणी भागवायला तूर विकावी लागणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला दूरच्या पेठेतला चढा भाव कळूनही त्याचा उपयोग होत नाही. गावाजवळचे गोदाम आणि तारणकर्ज नसेल, तर या जोडणीचा लाभ साठा करू शकणाऱ्याकडेच जातो.