शेफील्डच्या मिटत्या चाकूंवरील मुद्रा

ताम्रपट हातीं आला म्हणजे आपण प्रथम त्यावरील अक्षरें वाचतों. तो उजळण्याची घाई करीत नाहीं. जुन्या मिटत्या चाकूंच्या संग्राहकांनींही हीच शिस्त पाळावी, असें आमचें मत आहे.

या धंद्याविषयीं इंग्लंडांतील शेफील्ड नगराची ख्याति मोठी. तेथील कारागिरांच्या मुद्रांची नोंद ठेवणारी 'कटलर्स कंपनी' १६२४ सालीं कायद्यानें स्थापन झाली. मुद्रा पात्याच्या मुळाशीं, सांध्यालगत उमटविलेली असते. तारा व माल्टाचा क्रूस ही जोसेफ रॉजर्स यांच्या पेढीची मुद्रा होय. तिच्या नकलाही पुष्कळ झाल्या.

मुद्रेनें कर्ता कळतो. कालासाठीं इतर अक्षरें पाहावीं लागतात. 'स्टेनलेस' हा शब्द असल्यास चाकू १९१३ नंतरचा. कारण त्या वर्षीं ब्रिअर्ली यांनीं शेफील्ड येथें न गंजणारें पोलाद सिद्ध केलें. 'इंग्लंड' हें नांव बहुधा १८९१ नंतरचें. अमेरिकेच्या १८९० च्या जकात-कायद्यानें आयात मालावर उत्पत्तिदेशाचा उल्लेख आवश्यक केला. मात्र तें नांव नाहीं म्हणून चाकू त्यापूर्वींचा, असें अनुमान करूं नये. हा नियम अमेरिकेस जाणाऱ्या मालापुरता होता. अभाव हें येथें प्रमाण नव्हे.

प्रस्तुत लेखकाजवळ बोरू तासण्याचा एक वडिलोपार्जित चाकू आहे. गंज काढावा म्हणून आम्हीं त्याचें पातें कानशीनें घांसलें. गंज गेला, त्याबरोबर मुद्राही गेली. आतां तो कोणाचा व केव्हांचा, हें सांगतां येत नाहीं. यास्तव मुद्रेचा ठसा कागदावर उतरून घेतल्यावांचून कोणीं पात्यास हात लावूं नये.