ओरीची बाजू : पवनारच्या वाचकांचं 'पाडस'

'पाडस'बद्दल कुणी वाईट बोललेलं मी गेल्या तीस वर्षांत ऐकलेलं नाही. राम पटवर्धनांचा हा अनुवाद ज्यांनी शाळकरी वयात वाचला ते आता आजी-आजोबा झाले, तरी शेवटच्या प्रकरणांचा विषय निघाला की त्यांचा आवाज खाली येतो. मात्र या प्रेमात एक वाटणी ठरून गेली आहे. ज्योडी आपला, पेनी बाप असावा तर असा, आणि ओरी, म्हणजे ज्योडीची आई, खाष्ट. वाचक पुस्तकांबद्दल काय बोलतात हे टिपून ठेवण्याचा मला जुना नाद आहे. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही, वह्या मात्र पुष्कळ आहेत. त्या वह्यांत ओरीच्या बाजूनं बोलणारं एकही मत नव्हतं. ते पहिल्यांदा पवनारला ऐकलं, आणि एकदा नाही, चार-पाच तोंडून ऐकलं. त्या मतांकडे मी भाबडी प्रतिक्रिया म्हणून पाहत नाही. मला ती या कादंबरीच्या वाचन-इतिहासातली राहून गेलेली बाजू वाटते.

पुस्तकाविषयी थोडं. मार्जोरी किनन रॉलिंग्ज (१८९६–१९५३) या मूळच्या वॉशिंग्टनच्या, वर्तमानपत्रांत लिहिणाऱ्या. १९२८ मध्ये त्यांनी फ्लोरिडातल्या क्रॉस क्रीक इथं संत्र्याची बाग घेतली. (हे सांगितल्यावर वर्धा-नागपूरकडचा माणूस हमखास पुढं सरकून बसतो आणि बार कोणता धरत होत्या ते विचारतो.) तिथल्या झुडपी रानात राहणाऱ्या जुन्या घरांमध्ये मुक्काम करून, म्हाताऱ्या शिकाऱ्यांकडून ऐकून त्यांनी 'द यर्लिंग' लिहिली. ती १९३८ मध्ये निघाली आणि १९३९ मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक मिळालं. गोष्टीचा काळ १८७० च्या आसपासचा. सगळीकडे वाळू आणि खुरटी झाडं, त्यात मधूनच बऱ्या मातीचा, उंच पाइनांचा एखादा तुकडा. अशा तुकड्याला तिथले लोक बेट म्हणत. बॅक्स्टर कुटुंब अशाच एका बेटावर राहतं, आणि त्याच्या चारही बाजूंना पाण्याऐवजी रान आहे. मका गेला तर वर्ष गेलं, असा तो संसार.

पेनीला साप चावतो. विष ओढून घेण्यासाठी तो तिथल्या तिथं एक हरिणी मारतो आणि तिचं पोरकं पिल्लू ज्योडी घरी आणतो. त्याचं नाव फ्लॅग. वर्षभरात ते वाढतं, तंबाखूची रोपं तुडवतं, मग मक्याचे कोंब खातं. ज्योडी पुन्हा पेरतो, कुंपण उंच करतो, फ्लॅग त्यावरूनही उडी घेतो. अंथरुणाला खिळलेला पेनी त्याला मारायला सांगतो. मुलाच्यानं ते होत नाही. ओरी बंदूक उचलते, तिचा नेम चुकतो, जनावर नुसतं जखमी होतं आणि शेवटची गोळी ज्योडीलाच घालावी लागते.

मूळ शीर्षकाचा अर्थ वर्षाचं झालेलं जनावर, असा आहे. ते पिल्लू उरलेलं नसतं आणि पुरतं मोठंही झालेलं नसतं. ते नाव हरणाला लागू पडतं आणि ज्योडीलाही. आपल्याकडे 'पाडस' म्हटलं की आईला लुचणारं, थरथरत्या पायांचं पिल्लू समोर येतं. शब्द गोड आहे, आणि वर्षाच्या हरणाला मराठीत नेमका शब्द तरी कुठं आहे? मी असते तर मीही हेच नाव दिलं असतं. पण त्या नावानं मराठी वाचकाची सहानुभूती पहिल्या पानाआधीच एका बाजूला कलते. मका खाणारं जनावर आता पिल्लू राहिलेलं नाही, ही गोष्ट आपण डोळ्यांतल्या पाण्यामुळे पाहत नाही.

पवनारला ही गोष्ट पहिल्यांदा बोलली गेली ती शेतकऱ्यांच्या घरात. वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्यानं निघालं की थोड्याच अंतरावर धाम नदीकाठी हे गाव लागतं. मी गेले होते आश्रमाच्या शेतीविषयी माहिती गोळा करायला. पिशवीत 'पाडस'च्या तीन प्रती होत्या, त्या आषाढात गावात ठेवल्या आणि दिवाळीनंतर विचारायला गेले. काहींनी वाचली होती, काहींना सुनेनं किंवा नातवानं वाचून दाखवली होती. एका घरी ओसरीवर आठ-दहा जण जमले. त्यांतल्या कुणाचं नाव इथं देत नाही.

पहिला बोलला तो तीन एकरांचा धनी. त्याचं म्हणणं, लेखिकेनं फार वेळ लावला. हरण पहिल्यांदा कुंपणावरून गेलं तेव्हाच पुढचं सगळं त्याला कळलं होतं. ज्योडीनं पुन्हा मका पेरला, त्या पानावर तो थांबला होता. आपण त्या प्रसंगाला मुलाची माया म्हणतो. त्यानं त्याला सरळ दुबार पेरणी म्हटलं. विदर्भात हा शब्द कसा उच्चारला जातो ते ज्यानं ऐकलं असेल त्याला अधिक सांगायला नको. बियाणं दुसऱ्यांदा, मजुरी दुसऱ्यांदा, आणि पीक मात्र उशिराचं. मग त्यानं आपल्या वावराचा हिशेब सांगितला. रानडुकरं रात्री येतात, रोही कळपानं येतात. तुरीचे शेंडे रोही खातो, भुईमूग डुक्कर उकरतं. बोरचं जंगल जिल्ह्यातच आहे, २०१४ पासून तिथं व्याघ्र प्रकल्प आहे. पण रोह्याला जंगल लागत नाही, त्याला धुऱ्यावरचं झुडूप पुरतं. थंडीत मचाणावर बसून जागल करायची, टिनाचा डबा बडवायचा. दोन हंगाम असं करून त्यानं हरभरा सोडला.

त्याच्या भावजयीनं त्याला थांबवलं. तिचं मत मी जसंच्या तसं टिपून घेतलं आहे, पण इथं सारांशच देते. तिला ओरी खाष्ट वाटली नाही, दमलेली वाटली. त्या घरात दाणे मोजणारी एकटी तीच आहे. पेनीला मायाळू राहणं परवडतं, कारण नाही म्हणायचं काम बायकोकडे आहे. ओरीची ज्योडीआधीची मुलं एकामागून एक गेली, ती झाडांखाली पुरलेली आहेत. अशी बाई उरलेल्या मुलाला कशी कुरवाळेल, तिला तर भीतीच वाटत असणार. आणि नेम चुकला त्यावर तर ती चिडूनच बोलली. घरातला पुरुष निजलेला, पोरगा तोंड फिरवून उभा, जिच्या हाती कुणी कधी बंदूक दिली नाही तिनं ती उचलली. वाचणारे तिला क्रूर म्हणतात. मग मका कुणी वाचवायचा होता?

ओरीचं आणखी एक दुःख आहे, ते मी तोवर नीट वाचलंच नव्हतं. त्यांच्या घराजवळ विहीर नाही. पाणी लांबच्या खोल खड्ड्यातून आणावं लागतं आणि दाराशी विहीर हवी ही तिची वर्षानुवर्षांची मागणी आहे. पवनारच्या बायकांनी ती ओळ बरोबर हेरली. पाणी कुणी भरलं, हा त्यांचा प्रत्येक गोष्टीला विचारायचा प्रश्न.

विहिरीवरून बोलणं आश्रमावर गेलं, आणि मला हवा असलेला विषय आपोआप निघाला. विनोबा इथं आले मार्च १९३८ मध्ये, म्हणजे 'द यर्लिंग' निघाली त्याच वर्षी. प्रकृती पार खालावलेली होती. जमनालाल बजाजांच्या बंगल्यात राहून ते रोज थोडं खणू लागले. पुढं १९५० च्या सुमारास कांचनमुक्तीचा आणि ऋषिशेतीचा प्रयोग सुरू झाला. पैसा नको, बैलही नको, हातांनी पिकवायचं. विहीर खणली, रहाट माणसंच फिरवत. तिथूनच सप्टेंबर १९५१ मध्ये विनोबा पायी दिल्लीकडे निघाले.

हे लोक आपले 'पायोनियर' म्हणायचे का, असं मी विचारलं. ओसरीवरच्या एका निवृत्त मास्तरांनी मान हलवली. त्या शब्दात मोकळी जमीन गृहीत आहे आणि पवनारला ती कधी नव्हती, असं ते म्हणाले. मुद्दा बिनतोड आहे. वाकाटकांचं प्रवरपूर ते हेच, असं वा. वि. मिराशी मानत. नंतर मनसरचं नाव पुढं आलं तो वाद वेगळा. १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठानं इथं उत्खनन केलं. आश्रमाची जमीन खणताना तर भरत-भेटीचं शिल्पच हाती आलं. इथं कुदळ मारली की आधीचं कुणीतरी निघतं. मी म्हटलं, फ्लोरिडातही तेच आहे. सेमिनोल लोकांशी तीन युद्धं झाली, शेवटचं १८५८ मध्ये संपलं, बहुतेकांना हाकलून दिलं आणि मग ती जमीन रिकामी दिसू लागली. बॅक्स्टरांच्या बेटावरचा एकांत असा तयार झालेला आहे. मराठीत पहिल्या वसाहतीची कादंबरी का नाही, याचं माझ्या मते हेच उत्तर आहे. आपल्याकडे गावं उठतात, पुन्हा बसतात, धरणाखाली जातात. पहिला नांगर कुणाचा हे कुणालाच सांगता येत नाही.

आश्रमात पूर्वीपासून जाणं-येणं असलेले एक म्हातारबुवा तोवर गप्प होते. त्यांना मारणं मान्य नव्हतं. कुंपण आणखी उंच करता आलं असतं, हरणाला दूर सोडता आलं असतं. त्यांना कुणी हसलं नाही. फक्त त्या हरभरा सोडलेल्या माणसानं विचारलं, हाकललेलं रोही रात्री परत येतं, त्याचं काय करायचं? म्हातारबुवा म्हणाले, जागायचं. तो म्हणाला, किती वर्षं?

कॉलेजात जाणाऱ्या एका मुलानं यात वेगळी गोष्ट घातली. पेनीचा निर्णय पेनीच्या हातात होता, आपला नाही, असं तो म्हणाला. १९७२ चा वन्यजीव कायदा आला, तो यायलाच हवा होता, पण त्यानंतर पीक खाल्लं की पंचनामा, फोटो, अर्ज आणि वाट पाहणं. ज्योडीची गोष्ट इथं लिहायची तर तिचा शेवट तहसिलात होईल. सगळे हसले, म्हातारबुवाही हसले.

माझ्या मते हे दोघंही 'पाडस' आपल्यापेक्षा जवळून वाचत होते. शहरातल्या वाचकासाठी फ्लॅगचं मरण म्हणजे बालपणाचा शेवट, आणि तेवढ्यावर आपण पुस्तक मिटतो. इथं तो पुढच्या वर्षीच्या भाकरीचा प्रश्न होता, म्हणून मारावं असं म्हणणाराही सहज म्हणत नव्हता आणि मारू नये म्हणणाऱ्यालाही किंमत ठाऊक होती.

शेवटी भावजयीनं पुस्तक मागून घेतलं आणि एक पान काढलं. फ्लॅग मेल्यावर ज्योडी घर सोडून जातो आणि उपाशी होऊन परत येतो. घरी एकटा पेनी असतो. ओरी कुठं आहे? ती कोंबड्या देऊन पेरायला मका आणायला फॉरेस्टरांकडे गेलेली आहे. हे तुमच्या त्या इतर वाचकांना दिसलं नाही का, असं तिनं मला विचारलं. मी वही चाळली. कुणीच त्या कोंबड्यांचा उल्लेख केलेला नव्हता.

मग किती कोंबड्यांना किती मका येईल यावर बोलणं सुरू झालं. कुणी म्हणालं डझनभर तरी लागल्या असतील, कुणी म्हणालं शेजाऱ्यानं अडवून कमीच दिला असेल. तिथून यंदाच्या सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशवीचा भाव निघाला, आणि चहा येईपर्यंत तोच चालला होता.