सुवर्ण नॅनोकण : सुरक्षितता चाचणी

वैद्यकीय उपयोगासाठी तयार केलेले लेपित सुवर्ण नॅनोकण शरीरास अपायकारक आहेत किंवा नाहीत, हे ठरविणाऱ्या चाचण्या. या कणांचा आकार साधारणपणे १ ते १०० नॅनोमीटर असतो. सोने रासायनिक दृष्ट्या निष्क्रिय असले, तरी कणांची विषारिता त्यांचा आकार, पृष्ठभार व लेप यांवर अवलंबून असते. सुवर्ण नॅनोदंड घडविताना वापरले जाणारे सीटॅब हे द्रव्य पेशींना घातक असते. त्याऐवजी पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा लेप दिल्यास विषारिता बरीच घटते.

प्रथम कणांचे रक्तद्रवातील स्थैर्य तपासतात. नंतर संवर्धित पेशींवर एमटीटी चाचणी करतात. तीत जिवंत पेशी पिवळ्या रंजकाचे जांभळ्या फॉर्मझानमध्ये रूपांतर करतात. रंगाच्या तीव्रतेवरून जिवंत पेशींचे प्रमाण कळते. मात्र छोटे गोलाकार सुवर्णकण स्वतःच सु. ५२० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषत असल्याने पेशीविरहित नमुनाही सोबत तपासणे अत्यावश्यक ठरते, अन्यथा निष्कर्ष फसवा निघतो. रक्तातील तांबड्या पेशींचे विघटन व जिवाणुजन्य अंतर्विष यांचीही तपासणी होते.

प्राण्यांवरील चाचण्यांत यकृत व प्लीहा यांत साठलेले सोने वस्तुमान वर्णपटमापनाने मोजतात. त्यानंतरच मानवी चाचणी होते. सीवायटी-६०९१ या लेपित सुवर्णकणांच्या औषधाच्या कर्करुग्णांवरील पहिल्या टप्प्यातील चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले.