रुक्मिणीचें गाणें आणि साथीदारांचें स्वातंत्र्य

अमरावती जिल्ह्यांतील तिवसा तालुक्यांत वर्धा नदीच्या कांठीं कौंडिण्यपूर नांवाचें गांव आहे. विदर्भराज भीष्मकाचें कुंडिनपूर तें हेंच, अशी आम्हां वऱ्हाडकरांची पिढीजात श्रद्धा; आणि या माहेराहून रुक्मिणीची पालखी दरवर्षीं आषाढी वारीला पंढरपुरास जाते. परंतु या माहेरवाशिणीच्या कथेनें महाराष्ट्राच्या संगीतालाहि एक देणें दिलें आहे. त्याचा विचार वाचकांपुढें ठेवावा, असें पुष्कळ दिवस आमच्या मनांत होतें.

1916 सालीं गंधर्व नाटक मंडळीनें कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचें 'स्वयंवर' रंगभूमीवर आणिलें. रुक्मिणी झाले नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व. पदांना चाली दिल्या भास्करबुवा बखले यांनीं. बुवांनीं फैज महंमदखाँ, नथ्थनखाँ व अल्लादियाखाँ अशा तीन थोर गुरूंपाशीं विद्या घेतलेली. 1880 सालच्या किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'ला साकी, दिंडी, कामदा अशा परिचित चालींचा मोठा आधार होता. 1911 च्या 'मानापमाना'त गोविंदराव टेंबे यांनीं रागदारीची वाट मोकळी केली, आणि 'स्वयंवरां'त यमन, बिहाग, भीमपलास हे राग ऐटीनें रंगभूमीवर वावरूं लागले. हा केवळ चालींचा पालट नव्हता. साकी ठरल्या वळणानें म्हणावयाची असते; रागाची बंदिश हें नुसतें बीज असतें. तें बीज त्या त्या रात्रीं आपल्या प्रतिभेनें वाढविण्याचा नवा अधिकार नटास मिळाला. आपले गवई यालाच 'उपज' म्हणतात.

पण हा अधिकार एकट्या नटाचा होता काय? गंधर्व मंडळींत तबल्यावर अहमदजान थिरकवाँ आणि सारंगीवर कादरबक्ष यांची साथ असे. ऑर्गनहि असे, तथापि आम्हांस येथें गायक, तबलजी आणि सारंगिये या तिघांविषयींच बोलावयाचें आहे. गायक मुखडा सोडून आलापींत शिरतो, तेव्हां ठेका ढळत नाहीं. म्हणूनच त्याला दूर जातां येतें. सारंगी त्याच्या मागोमाग तीच स्वरावली उमटविते, त्याच्या श्वासाची पोकळी भरून काढते, आणि एखादे वेळीं तिच्याच गजांतून निघालेला स्वर गायकाला पुढची जागा सुचवितो. समेवर तिघे एकदम येतात, तेव्हां कोणी कोणास आणिलें हें सांगतां येत नाहीं. ज्याला परत येण्याची खात्री आहे, तोच दूर जाण्याचें धाडस करतो. आणि ती खात्री साथीदार देतात.

हा गुण केवळ आपल्याच संगीताचा आहे असें नव्हे. न्यूयॉर्कमधील 'व्हिलेज व्हॅनगार्ड' या लहानशा तळघरांत 25 जून 1961 रोजीं बिल एव्हान्स यांनीं पियानो, स्कॉट लाफारो यांनीं बास आणि पॉल मोशन यांनीं ड्रम वाजविले. जॅझच्या त्या बैठकीचें ध्वनिमुद्रण आजहि ऐकावयास मिळतें. तेथें बास नुसता आधार देऊन मागें राहत नाहीं. तो पियानोला प्रत्युत्तर देतो, प्रसंगीं पुढेंहि होतो. गीताची चौकट तिघांनाहि मुखोद्गत असल्यामुळें तिघेहि मोकळे. अकरा दिवसांनीं लाफारो मोटार-अपघातांत वारले. वय अवघें पंचवीस. त्यानंतर कित्येक महिने एव्हान्स यांनीं जाहीरपणें फारसें वाजविलें नाहीं. त्यांची बोटें शाबूत होतीं. पण त्या बोटांचें स्वातंत्र्य ज्या सोबत्याशीं वांटलेलें होतें, तो गेला होता.

या स्वातंत्र्याची किंमत नाटकानें मोजली, हेंहि मान्य केलें पाहिजे. 'वन्स मोअर'च्या पुरांत प्रयोग पहाटेपर्यंत लांबत, कथेचा धागा तुटे, आणि खाडिलकरांची रुक्मिणी बाजूस राहून गायक पुढें येई. हा आक्षेप आम्हांस खोटा वाटत नाहीं. पण त्याचा उपाय म्हणून पुढें जें घडलें, तें अधिक दुःखद आहे.

बालगंधर्व 1967 सालीं निवर्तले. आमचा जन्म त्यानंतरचा. आम्हीं त्यांस ऐकलें तें तबकड्यांवर. जुन्या तबकडीची एक बाजू सुमारें तीन मिनिटांची. रात्रभर फुलणाऱ्या गाण्यांतून त्या तीन मिनिटांत जें मावलें, तेंच आमच्या पिढीनें प्रमाण मानिलें. मध्यंतरीं एका नाट्यगीत-स्पर्धेस परीक्षक म्हणून बसण्याचा योग आला. मुलांचे गळे गोड, तयारीहि उत्तम. परंतु प्रत्येकाची तान तबकडीवरचीच, श्वास घेण्याची जागाहि तीच. साथीला यंत्राचा ठेका होता. यंत्र चुकत नाहीं हें खरें, पण तें ऐकतहि नाहीं. एका मुलीनें मात्र मध्येंच एक अनपेक्षित जागा घेतली, आणि लगेच घाबरून ती पाठ केलेल्या वाटेवर परतली. तिला सांवरून घेणारें तेथें कोणी नव्हतें.

आम्हीं तिला त्या जागेसाठीं गुण दिले. सहपरीक्षकांनीं चूक म्हणून कापले. कोणाचें बरोबर, हा निर्णय आम्ही वाचकांवर सोंपवितों. एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, घरांतलें मूल गाऊं लागलें तर त्याच्यापुढें यंत्र ठेवण्यापूर्वीं एखादा तबला वाजविणारा सोबती शोधावा. 'स्वयंवरा'चा वारसा त्या ठराविक तानांत नाहीं; नवी तान घेतां यावी म्हणून शेजारीं बसलेल्या त्या दोघांच्या लक्ष देऊन ऐकण्यांत आहे.